सदर महिला

आमच्या क्वार्टरला दोन खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांना दवाखान्याचा वास होता. स्पिरिटचा, फिनेलचा आणि भिंतींना मारलेल्या पिवळ्या सरकारी रंगाचा. आई आरोग्य केंद्रात नर्स होती. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळे तिला शिस्टर म्हणत, आणि मी शिस्टरची विमल. वडील मी चार वर्षांची असताना गेले. त्यानंतर आईनं नांदेडला नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि नायगावच्या पुढच्या एका गावात तिला नेमणूक मिळाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या घरातली माणसं अजून तिथं राहतात, आणि त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे ते नावाशिवायही लिहिता येईल.

केंद्र गावाबाहेर होतं. मधे एक ओढा, ओढ्यावर फरशी म्हणजे ठेंगणा बिनकठड्याचा पूल, फरशीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे गाव. दिवसभर वर्दळ असे. खोकणारी म्हातारी माणसं, कडेवर रडणारी पोरं, व्हरांड्यात मांडी घालून बसलेल्या पोटुशा बाया. पाच वाजले की शिपाई कुलूप लावून सायकलवर निघून जाई, डॉक्टर नायगावला जात, आणि एवढ्या मोठ्या आवारात आम्ही दोघीच उरत असू. शाळेतल्या मुली ओढा ओलांडून माझ्याकडे खेळायला येत नसत. तिथं सुई टोचतात अशी त्यांची समजूत होती. मी पायरीवर बसून अभ्यास करी आणि आई आत स्टोव्ह पेटवून सुया, चिमटे उकळत ठेवी. स्टोव्हचा तो एकसुरी आवाज आणि त्यावर पत्र्याच्या डब्यात सुयांची किणकिण, हे माझ्या लहानपणीचं घरातलं संगीत. उकळून झालं की त्याच स्टोव्हवर आमचं वरण शिजे.

फरशी ओलांडली की पहिलं घर गयामायचं. गयामाय विधवा होती, लेक किशन आणि सून सरू यांच्याबरोबर राहायची. चार एकर जमीन, एक म्हैस, दारात शेवग्याचं झाड. आईला घरी यायला उशीर झाला की मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. भाकरी थापायला मला सरूनं शिकवलं. आईच्या हाताला ते कधी धड जमलं नाही. तिच्या भाकरी कडेला चिरायच्या. सरू परातीत पीठ मळताना तळहाताच्या टाचेनं असं काही रेटायची की पीठ लोण्यासारखं होई. हसताना ती तोंडावर पदर धरायची, कारण पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. तिला तीन लेकरं होती, धाकटा अजून अंगावर पीत होता. अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी आणि तिच्या हातची गरम भाकर: आज लातूरमध्ये माझ्या स्वयंपाकघरात सगळं आहे, पण ती चव मला कधी साधली नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही.

त्या वर्षी शिबिराचं वारं होतं. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांचं शिबिर. प्रत्येक केंद्राला आकडा ठरवून दिलेला असे आणि तो पुरा झाला नाही तर बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून विचारत. आई घरोघर हिंडून बायांना समजावत होती. तिला ते मनापासून पटलेलं होतं, हे मला नमूद केलं पाहिजे. सातव्या-आठव्या बाळंतपणात मेलेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या. सरूला तिनंच तयार केलं. गयामाय आधी कुरकुरली, मग म्हणाली, शिस्टर सांगून राहिली तर वाईट कशाला सांगेल. किशननं अंगठा दिला.

शिबिराच्या दिवशी सकाळपासून ट्रॅक्टरमधून बाया येत होत्या. व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर जिल्ह्याहून जीपनं आले होते आणि त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावी दुसरं शिबिर होतं. मला शाळेला सुट्टी होती. मी क्वार्टरच्या पायरीवरून सगळं बघत होते. दहाच्या सुमाराला लाइट गेली आणि हत्यारं उकळायचं विजेचं भांडं बंद पडलं. मग आमच्या घरातला स्टोव्हही तिकडं नेला आणि दोन स्टोव्हांवर आलटूनपालटून हत्यारं उकळायला लागली. दुपारी आई धावत घरी आली. तिच्या कपाळावर केस चिकटले होते. तिनं घासलेटचा डबा हलवून पाहिला, तो रिकामा होता. केंद्रातला साठा केव्हाच संपला होता. तिनं माझ्या हातात बाटली दिली आणि सांगितलं, "गयामायकडं पळ. म्हणावं आहे तेवढं दे, उद्या परत करते."

गयामाय घरी एकटीच होती. सरू केंद्रात, किशन लेकरं घेऊन तिच्याबरोबर. गयामायनं डब्यातलं घासलेट बाटलीत ओतलं, ती अर्धीच भरली. मग तिनं कोनाड्यातली चिमणी काढली, तिची वात उपसली आणि त्यातलंही ओतलं. मी बाटली पोटाशी धरून पळत आले. ऑपरेशनच्या खोलीला पडदा होता. पडद्याबाहेर कंपाउंडर उभा होता. तो म्हणाला, तिथं ठेव कोपऱ्यात, आता काही गरज नाही, साहेबांनी औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यायला सांगितलंय. आतून आईचा आवाज येत होता. साहेब, वीस मिनिटं फक्त, घासलेट येऊन राहिलंय, असं काहीतरी ती म्हणत होती. उत्तर मला नीट ऐकू आलं नाही; वेळेबद्दल होतं आणि अजून बाहेर बसलेल्या बायांबद्दल होतं. मी बाटली कोपऱ्यात ठेवली. सरू तेव्हा व्हरांड्यात होती. तिनं मला बघून हात केला. तिचा नंबर त्यानंतर लागला.

तिसऱ्या दिवशी सरूला ताप भरला. चौथ्या दिवशी तिचं पोट फुगलं. दुपारनंतर ऑपरेशन झालेल्या आणखी चौघी-पाचजणी तापानं फणफणत होत्या. आई या घरातून त्या घरात पळत होती. सरूला जीपमधून नांदेडला नेलं, तेव्हा मी फरशीवर उभी होते. तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली ती सावकाश आली, आणि जीपचा वेग बघूनच गयामाय दारात खाली बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीवरची एक बाई गेली. बाकीच्या वाचल्या.

चौकशीला साहेब आले ते आठवड्याभरानं. मी कुणी रागीट, मिशीवाला माणूस येईल असं समजत होते. आले ते अगदी मृदू बोलणारे, चष्मा लावलेले गृहस्थ होते. आमच्या क्वार्टरमध्ये, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. आईनं केलेला चहा प्यायले. साखर कमी असूनही छान झालाय म्हणाले. मग त्यांनी आईला जे सांगितलं, ते मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकलं, आणि आज इतक्या वर्षांनीही मला ते जवळजवळ शब्दशः आठवतं.

"हे बघा सिस्टर, गेलेल्या बाया परत येणार नाहीत. पण हत्यारं उकळली नव्हती असं एकदा बाहेर गेलं, तर उद्यापासून या केंद्रात एक बाई पाय ठेवणार नाही. बाळंतपणाला येणार नाही, पोराला लस टोचायला येणार नाही. मग जी पोरं मरतील, त्यांचं पाप कुणाच्या डोक्यावर? तुमच्याच ना?"

आईनं त्यांचा रिकामा कप उचलला. ते पुढं म्हणाले की डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत, त्यांचं आयुष्य पडलंय. आणि तुम्हालाही मुलगी आहे. हे शेवटचं त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नाही. माझ्याकडं बघून ते हसले. जबाब लिहायला त्यांनी आईपुढं कागद सरकवला, पण आईनं हातातला कप खाली ठेवला नाही. तेव्हा त्यांनी मला विचारलं, बाळ, तुझं अक्षर कसं आहे? माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायची. मी पुढं झाले, मांडी घालून बसले, आणि साहेब सांगत गेले तसं मी लिहीत गेले. सर्व उपकरणे नियमाप्रमाणे वीस मिनिटे उकळून घेण्यात आली होती. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण विश्रांती घेण्याबाबत सूचना देण्यात आल्या होत्या. तथापि सदर महिला सूचनांचे पालन न करता घरकामास व शेतकामास गेल्या.

सदर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा लिहिला. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता आणि मी तो विचारला. साहेब म्हणाले, सदर म्हणजे वर जिचा उल्लेख केला ती. वर उल्लेख होता सरूचा, पूर्ण नावानं, वयासकट. मी लिहून दिलं, आईनं खाली सही केली. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं आणि ज्या पेनानं मी लिहिलं, ते पेन मला ठेवून घे म्हणाले. मला त्या पेनाचा आनंद झाला. हे लिहायला मला फार जड जातंय, पण झाला.

पुढं मीही नोकरी सरकारीच केली. लातूरला एका कार्यालयात टेबलावर टपाल घेण्यापासून सुरुवात केली आणि अधीक्षक होऊन बाहेर पडले. चौकशांचे कितीतरी कागद माझ्या हाताखालून गेले. आताही टीव्हीवर कुठं पूल कोसळल्याची, कुठं दवाखान्याला आग लागल्याची बातमी लागली की तासाभरात कुणीतरी येऊन सांगतं, सगळं नियमानुसार होतं, चौकशी करू. आणि संध्याकाळपर्यंत मेलेल्या माणसांचीच काही चूक सापडते. लोक म्हणतात, हे सगळे हरामखोर असतात. मला तसं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी पाहिलं ते असं, की कुणी एकटा बसून खोटं रचत नाही. खालचा माणूस वरच्याला सांभाळतो, वरचा आपल्याही वरच्याला, आणि प्रत्येकाला आपण कुणाचं तरी भलंच करतोय असं वाटत असतं. शेवटी सगळे मिळून खात्याला वाचवतात. हे खातं म्हणजे नेमकं कोण, असं विचारणारा माणूस मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटला नाही. मीसुद्धा ते कधी विचारलं नाही.

चौकशीचा निकाल चावडीवर वाचून दाखवला. त्यानंतर दोन दिवसांनी गयामाय आमच्याकडं आली. दुपारची वेळ होती. ती आत आली नाही, पायरीवर टेकली. सरूच्या धाकट्याला तिनं पदराखाली घेतलं होतं आणि तो तिच्या लुगड्याला चोखत होता. बराच वेळ ती पोराला थोपटत बसली. मग म्हणाली, "शिस्टर, मी तिला तिसऱ्या दिशी पाण्याला धाडलं वं. दोनच घागरी. ती म्हणत होती आंग दुखून राहिलंय. मी म्हनले, जाऊन ये, हातपाय मोकळे व्हतील. त्यानंच झालं का?"

मी आत स्टोव्हपाशी होते. मला वाटलं आई आता सांगेल. मी आईच्या पाठीकडं बघत होते. तिच्या पांढऱ्या साडीची पाठ घामानं ओली झाली होती. ती म्हणाली, "जे व्हायचं ते झालं, गयामाय. जीवाला लावून घेऊ नका." गयामायनं मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. आई नाही म्हणाली नव्हती, एवढं तिला पुरलं.

त्यानंतर घरात आमचं बोलणं कमी झालं. आई माझ्याशी भांडली नाही, रागावली नाही. फक्त आम्ही एकमेकींना काय हवं-नको तेवढं विचारायचो. एकदा जेवताना मी म्हणाले, मी गयामायला सांगून येऊ का? आईच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आठ दिवसांत माझा शाळेचा दाखला काढला गेला आणि मला लातूरला आत्याकडं पोचवलं.

आत्या वाईट नव्हती. तिचे यजमान दाळमिलमध्ये मशीनवर होते. त्यांना आम्ही मामा म्हणत असू. घर मिलच्या मागच्या गल्लीत. दिवसभर मिलची घरघर आणि तुरीच्या टरफलांचा बारीक पिवळा भुसा. खिडकीच्या चौकटीवर, वहीवर, केसांत. सकाळी आत्या सुशीला करायची, मुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट, आणि आपल्या दोन मुलांच्या आधी माझी बशी भरायची. पाहुणीसारखी. ती बशी बघितली की मला कळायचं की हे माझं घर नाही. त्या घरात सहा वर्षं राहिले, पण मोठ्यानं हाक मारून काही मागितलं असं मला आठवत नाही. आईची पत्रं येत. तब्येतीला जप, अभ्यास कर, इकडे पाऊस बरा आहे. सुट्टीत ती मला गावी बोलवायची नाही, स्वतःच लातूरला यायची, दोन दिवस राहून जायची. आम्ही दोघी गंजगोलाईच्या बाजारात फिरून यायचो, तिला उसाचा रस आवडायचा, आणि बसस्टँडवर तिला सोडताना दोघींनाही सुटल्यासारखं होई.

शाळेत पहिल्याच महिन्यात बाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि वर्गाला माझी वही दाखवली. त्या दिवसापासून मी अक्षर बदललं. मुद्दाम तिरकं, आखडतं लिहायला लागले. मैत्रिणी म्हणत, तुझं लिहिलेलं तुलाच वाचता येतं. हे प्रकरणही मी नातीला तोंडी सांगून संगणकावर टाइप करून घेत आहे, कारण माझं अक्षर तिला लागत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीत आई आली होती. आत्या आणि ती तूर निवडत बसल्या होत्या. आत्यानं गावातल्या लोकांची सहज चौकशी केली, तशी आई सुपाकडं बघतच म्हणाली, गयामाय आता गोठ्यात राहते. किशननं तिची चूल वेगळी केली. बोलत नाही आईशी. बाया पाणवठ्यावर तिला बघून म्हणतात, सुनेला खाल्ली. एवढं बोलून आई खडे वेचत राहिली. आत्या हळहळली, म्हणाली, म्हातारपणी काय हे भोग. मी समोर बसले होते. आईनं मान वर केली नाही. ती आत्याला सांगत होती की मला, हे मला अजून कळलेलं नाही.

भाऊबीज झाली. आई आणखी दोन दिवस राहणार होती. सकाळी मी मैत्रिणीकडं जाते म्हणून निघाले आणि बसस्टँडवर आले. लातूरहून अहमदपूर, तिथून नांदेड, नांदेडहून देगलूरच्या गाडीनं नायगाव. पुढं एका दुधाच्या टेम्पोनं सोडलं. वाटेत मी काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते आणि सगळी जबाबासारखी होत होती.

गयामाय गोठ्यात म्हशीच्या शेजारी बाजेवर बसली होती. तीन दगडांची चूल, एक तवा, एक डेचकी. तिची नजर गेली होती. तिनं विचारलं, कोण हाय? मी म्हणाले, शिस्टरची विमल. तिनं बाजेवर हात फिरवून जागा केली. मी बसले आणि जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी नुसतं सांगत गेले. लाइट गेली होती ते, घासलेट संपलं ते, मी तुमच्याकडून नेलेली बाटली कोपऱ्यात पडून राहिली ते. हत्यारं उकळली नव्हती. वाडीवरची बाईही त्यानंच गेली, तिनं तर घागर उचलली नव्हती. कागद मी लिहिला. म्हशीनं शेपटी झटकली. मग गयामाय म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी खडबडीत होती. म्हणाली, "मला सांगून काय उपेग न्हाई, माय. किशनला सांग. चल."

तिला धरून मी शेतात नेलं. किशन हरभऱ्याला पाणी देत होता. आम्हाला दोघींना एकत्र बघून तो खोरं हातात धरून उभा राहिला. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. गयामाय बांधावर तोंड फिरवून बसली होती. पाणी दुसऱ्या सरीत फुटून वाहत होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"कागद तूच लिव्हला?" त्यानं विचारलं.

"हाव."

"तुझ्या मायला ठाऊक हाय, तू आली ते?"

"न्हाई."

तो खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं चिखलातलं एक ढेकूळ फोडलं, आणखी एक फोडलं. मग उठला आणि आमची वाट न बघता घराकडं चालू लागला. आम्ही पोचेपर्यंत त्यानं गोठ्यातली बाज उचलून घरात नेऊन टाकली होती आणि तवा, डेचकी चुलीपाशी ठेवली होती. मग आईचा हात धरून त्यानं उंबरा दाखवला, कारण तिला दिसत नव्हतं.

मी त्या दिवशी कुलूप लावलेल्या क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी आई आली. मी मैत्रिणीकडं नाही एवढंच आत्याला कळलं होतं, पण आईला कुठं यायचं ते बरोबर कळलं होतं. ती सकाळीच मागच्या गाडीनं निघाली होती. तिनं कुलूप काढलं, मला पाणी दिलं आणि विचारलं, "म्हातारी काय म्हणली?" मी सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली. ती म्हणाली, सहा वर्षं झाली, मी फरशीवरून गावात गेले नाही. मागच्या पांदीनं वळसा घालून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फरशीवरून गेली. मी मागं होते. हापशावर बायांची गर्दी होती. आई तिथं थांबली आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तशा सपाट आवाजात तिनं सगळं सांगितलं. कुणी तिला शिवी दिली नाही. एका बाईनं अर्धी भरलेली घागर उचलली आणि निघून गेली, मग दुसरी गेली. शेवटी हापशाजवळ आम्ही दोघीच उरलो.

साहेब म्हणाले होते तसंच पुढं झालं, हे मी लपवणार नाही. महिना-दीड महिना केंद्रात कुणी आलं नाही. आईनं मला पत्रात पहिल्यांदाच खरं काही लिहिलं: आज कुणी नाही, आजही कुणी नाही. मग एक दिवस गयामाय आली. सरूच्या धाकट्याच्या पायात गंजका खिळा घुसला होता. तिनं आईला विचारलं, सुई उकळली का? आई म्हणाली, तुमच्यासमोर उकळते. गयामाय स्टोव्हशेजारी बसून राहिली. दिसत नव्हतं तिला, पण पाण्याचा आवाज ऐकत बसली. त्यानंतर हळूहळू बाया यायला लागल्या. आणि आल्या की त्याही आधी तेच विचारायच्या. आईनं लिहिलं होतं, असं आधी कुणी कधी विचारत नव्हतं.

आईनं जिल्ह्याला अर्ज केला, आपला जबाब खोटा होता म्हणून. या वेळी स्वतःच्या हातानं लिहिला. चार महिन्यांनी उत्तर आलं की सदर प्रकरण यापूर्वीच नस्तीबद्ध करण्यात आले असून त्यावर कार्यवाहीची आवश्यकता नाही. त्यानंतर दोन महिन्यांत तिची बदली देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या सीमेवर झाली. तिथं अर्धं गाव तेलुगू बोलायचं आणि आईला तेलुगू येत नव्हतं. डॉक्टरांना काही झालं नाही. गयामाय आणखी चार वर्षं जगली, लेकाच्या घरात.

त्या सीमेवरच्या गावात आई निवृत्त होईपर्यंत एकटी राहिली. मी नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. वर्षातून दोनदा तिच्याकडं जायचे. आम्ही त्या विषयावर बोलत नसू. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी गेले होते, तेव्हा ती दारात बसून चिंचा फोडत होती. मीही शेजारी बसले, चिंचोके वेगळे काढायला लागले. अचानक तिनं विचारलं, त्या दिवशी लातूरहून निघताना तू मला का सांगितलं नाहीस? मी हातातला चिंचोका पुसत राहिले.

"सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली, आणि पुढची चिंच हातात घेतली.